पांढरीच्या पोटातली माणसे

आपल्या प्रत्येक गावाला दोन माती असतात. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी कसायची, पांढरी राहायची. वाडवडील गावाची शपथ घ्यायचे तेव्हा काळी-पांढरीला साक्ष ठेवीत. पण पांढरी ही पांढरी का झाली, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? चुलीतली राख, सारवलेले शेण, पडलेल्या भिंतींची माती, खरकटे आणि फुटकी मडकी शेकडो वर्षे एकाच जागी पडत राहिली. त्यातून ती माती भुरकट, भुसभुशीत आणि पांढरट झाली. पांढरीचा रंग हा माणसांच्या वस्तीचा रंग आहे.

नांदेड आणि लातूरकडच्या वाचकांना हे जास्त सांगायला नको. आपली माळवदे या मातीनेच घातली जात. पाऊस तोंडावर आला की गढीच्या किंवा जुन्या गावठाणाच्या टेकाडावरून बैलगाडीने पांढरी माती आणायची आणि छतावर पसरायची. कोणी ती शेतातही टाकतात. ती खणताना काय काय निघते, हेही तुम्हाला ठाऊक आहे. खापरे निघतात, काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघतात, मणी, पाट्या-वरवंट्याचे दगड, जळके दाणे निघतात. आणि कधी कधी कुदळ थांबते, कारण मातीतून माणसाचे हाड डोकावते.

मग सगळे गप्प होतात. कोणी नारळ फोडतो. कोणी म्हणतो, "बुजवा पुन्हा." कोणी हाडे पोत्यात भरून नदीत सोडून येतो. यात कोणाचे काही वाईट मनात नसते. पण ही हाडे गेली म्हणजे काय गेले, हे सांगण्यासाठी आज तुम्हाला एका वाटेने न्यायचे आहे. ही वाट नांदेडच्या घाटावरून निघते आणि गंगेच्या काठाकाठाने उलट्या दिशेला, उगमाकडे जाते. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो, तेव्हा इथेही तसेच म्हणू.

निघण्यापूर्वी टेकाड कसे बनते ते पाहू. लातूरकरांनी ते डोळ्यांनी पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे कित्येक गावे नव्या जागी वसली. जुनी गावठाणे तशीच राहिली. भिंती पावसाने विरघळल्या, त्यावर बाभळी आणि वेड्या बाभळी वाढल्या. एका गावाची पांढरी ओस कशी पडते, ते आपल्या पिढीने असे पाहिले. आपल्या शिवारातली जुनी टेकाडेही कधीतरी अशीच नांदती गावे होती. कुठे भूकंप, कुठे पूर, कुठे रोगराई, कुठे दुष्काळ. कारण निरनिराळे, पण उरली ती माती आणि मातीखालची माणसे.

आता निघू या. नांदेडहून आगगाडीने परभणी, जालना करीत छत्रपती संभाजीनगर गाठता येते. लातूरकरांना बीड-गेवराईवरून पैठणची वाट आहे. वाटेत राजांच्या खुणा पुष्कळ दिसतात. कंधारला राष्ट्रकूटांच्या वैभवाचे अवशेष आहेत, औशाजवळ खरोशाची लेणी आहेत. राजाने कोणाला किती जमीन दान दिली, ते ताम्रपटावर लिहिलेले असते. पण ती जमीन कसणारा काय खात होता, त्याची किती लेकरे जगली, त्याची कंबर कितव्या वर्षी मोडली, हे कोणत्याही ताम्रपटावर नाही. ते एकाच ठिकाणी लिहिलेले असते, त्याच्या स्वतःच्या हाडांवर.

पैठण तालुक्यात गंगेच्या काठी आपेगाव आहे. ज्ञानेश्वर महाराजांचे गाव म्हणून आपण तिथे हात जोडतो. त्याच आपेगावात १९७६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. म्हणजे मराठवाड्याच्या काळ्या मातीत तेव्हाही पेरणी होत होती.

तिथून संभाजीनगर-अहिल्यानगर रस्त्याला लागलात की टोक्याजवळ प्रवरा गंगेला मिळते. पुढे नेवासे लागते. पैसाच्या खांबाचे दर्शन घेऊन झाले की गावातल्या लाडमोड नावाच्या टेकाडाची चौकशी करा. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. हसमुख सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे टेकाड थराथराने उलगडले. वरच्या थरांत अलीकडची वस्ती, त्याखाली सातवाहनांच्या काळातली, आणि अगदी खाली तांबे आणि दगडाची हत्यारे वापरणाऱ्या शेतकऱ्यांची. या खालच्या थरात त्यांना घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसे सापडली. त्यांत लहान मुले फार होती.

मुलांना पुरण्याची रीत अशी होती. दोन मोठी मडकी घ्यायची, त्यांत लेकराला ठेवायचे, मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवायची आणि ती जोडी घरातच खड्डा करून आडवी पुरायची. गावाबाहेर मसणवट्यात न्यायचे नाही. आपण आजही बाळाची नाळ घराजवळ पुरतो, तान्हे मूल गेले तर बहुतेक घरांत त्याला जाळत नाही, पुरतो. त्या आईला आपले मूल नजरेआड करवले नसेल, असे मनात येते. हे मनात येणे पुराव्याने सिद्ध करता येत नाही, पण मडकी मात्र खरी आहेत.

नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याचा गंज दोऱ्यात मुरला आणि त्यामुळेच तो दोरा तीन हजार वर्षे कुजला नाही. तपासणीत तो कापूस आणि रेशीम यांचा निघाला. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीच्या तशाच एका माळेत जवसाच्या तागाचा दोरा मिळाला. कापूस आणि जवस ही तर आपल्याच शिवारातली पिके. एका लेकराच्या गळ्यातल्या दोऱ्यावरून हे कळले. ती हाडे नदीत सोडली असती तर माळही गेली असती आणि दोराही.

नेवाशाहून अहिल्यानगर, तिथून पुण्याच्या रस्त्याने शिरूर. शिरूरला लोक घोडनदी म्हणतात, ते नदीच्या नावावरून. याच घोड नदीच्या उजव्या काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. इथे आपण गंगेचे खोरे सोडून भीमेच्या खोऱ्यात आलो. पण ही वाट वाकडी केल्याशिवाय आपली गोष्ट पुरी होत नाही, कारण जुन्या काळच्या साध्या शेतकरी गावाची इतकी बारीक ओळख देणारी जागा देशात क्वचितच आहे.

डेक्कन कॉलेजने इथे १९६८ पासून १९८३ पर्यंत काम केले. डॉ. सांकळिया, डॉ. मधुकर ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मुख्य नावे. शंभराहून जास्त घरे उघडी झाली. इ.स.पूर्व १६०० च्या सुमारास वसलेले हे गाव इ.स.पूर्व ७०० च्या सुमारास ओस पडले. म्हणजे नऊशे वर्षे ते नांदले. हे लोक जव पिकवीत. गहू, मसूर, वाटाणा, हुलगा आणि लाखही त्यांच्याकडे होती. गुरे होती, शेळ्यामेंढ्या होत्या. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी दगडमातीचा बांध घालून चर खोदला होता. धान्य साठवायला कणगी आणि बळदे होती. तुम्हाला तिथे नेऊन सोडले असते तर काम समजायला तुम्हाला वेळ लागला नसता.

इथेही मुले मडक्यांच्या जोडीत पुरलेली. शेजारी तोटीचे भांडे आणि वाडगा ठेवलेला. मोठ्या माणसांना घरातच उत्तरेकडे डोके करून उताणे निजवीत, आणि एक गोष्ट करीत. त्यांची पावले घोट्यापासून तोडून टाकीत. का, ते कोणी लिहून ठेवलेले नाही. मेलेला माणूस घर सोडून भटकू नये, भूत होऊन फिरू नये, अशी समजूत असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

एक माणूस मात्र निराळा होता. गावातल्या पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा मोठा रांजण सापडला. त्यात सुमारे चाळिशीचा एक पुरुष मांडी मोडून बसवलेला होता आणि त्याची पावले शाबूत होती. शेजारीच धान्याचे कोठार. तेव्हा हा गावचा प्रमुख असावा, असे मानतात. आपल्याकडे लिंगायत समाजात बसवून समाधी देण्याची रीत आहे, त्यामुळे लातूरकरांना हे चित्र अगदीच अनोळखी वाटणार नाही. दोन्हींचा संबंध जोडायला पुरावा नाही, पण मान देऊन माणसाला मातीत बसवणे किती जुने आहे, ते यातून दिसते.

आता तुम्ही विचाराल, सापळ्याचे वय चाळीस होते हे कळले कसे? यात जादू काही नाही. बाजारात बैल घेताना तुम्ही काय करता? त्याचा जबडा उघडून पाहता. अदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळला आहे. मालक काहीही सांगो, दात खोटे बोलत नाहीत. माणसाचेही तसेच. सहा महिन्यांच्या सुमाराला पहिला दुधाचा दात, सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली कायमची दाढ, बाराव्याच्या सुमाराला दुसरी, अठराच्या पुढे अक्कलदाढ. लहान मुलाचे वय यावरून बरेच नेमके सांगता येते. मोठ्या माणसाचे वय दातांची झीज, कवटीचे सांधे आणि कंबरेचे हाड पाहून अंदाजाने ठरते. बाई की पुरुष, ते मुख्यतः कंबरेच्या हाडावरून, कारण बाळंतपणासाठी बाईची कंबर रुंद असते. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची काढतात. ज्याने आयुष्यभर ओझी वाहिली त्याच्या मणक्यांना हाडाची टोके फुटलेली दिसतात. जो उकिडवा बसत असे त्याच्या घोट्याच्या हाडावर त्याची खूण पडते. पाट्यावर भरडलेल्या धान्यात दगडाची कच मिसळते आणि ती खाऊन दाढा घासून जातात. पिठाळ अन्न खाणाऱ्यांच्या दातांना कीड अधिक लागते. ज्वारी-बाजरीसारखी पिके आणि गहू-जवासारखी पिके हाडात वेगवेगळी खूण ठेवतात, तीही आता प्रयोगशाळेत वाचता येते.

यातली सगळ्यात मोलाची खूण दातावरच्या रेघांची आहे. उसाचे कांडे पाहा. वाढीच्या काळात पाण्याचा ताण पडला तर तेवढीच कांडी आखूड राहते. पुढे कितीही पाणी द्या, ती आखूड कांडी लांब होत नाही. तोडणीच्या वेळी ऊस हातात घेतला की कोणत्या महिन्यात विहीर आटली होती ते सांगता येते. दाताचे वरचे कवच तसेच आहे. लहानपणी उपासमार झाली किंवा मोठे आजारपण आले तर कवच बनायचे थांबते आणि तिथे आडवी रेघ पडते. हाड मोडले तर सांधते, दाताचे कवच पुन्हा भरून येत नाही. माणूस ऐंशी वर्षे जगला तरी तिसऱ्या वर्षीची भूक त्याच्या दातावर राहते.

इनामगावच्या सापळ्यांचा अभ्यास डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले डॉ. जॉन लुकाक्स यांनी केला. त्यांचा ग्रंथ १९८६ साली निघाला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अभ्यासक बाईंनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव इथल्या मुलांची हाडे पुन्हा तपासली आणि २०११ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यातून एक गोष्ट पुढे आली, ती तुमच्या-माझ्या काळजाला भिडणारी आहे.

इ.स.पूर्व १००० नंतर इनामगावची कळा गेली. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. मडकी ओबडधोबड झाली. शेती आटली, शिकारीवर भिस्त वाढली. याच काळातल्या मुलांची हाडे आधीच्या मुलांच्या मानाने खुंटलेली दिसतात. पाऊस कमी झाला म्हणून हे झाले, असे डॉ. ढवळीकरांचे म्हणणे होते. नुसता पाऊस कारण नाही, एकाच जमिनीवर पिढ्यान्पिढ्या पडलेला ताणही त्यात आहे, असे पुढच्या काही अभ्यासकांना वाटते. कारणाबद्दल वाद आहे. झळ कोणाला आधी लागली याबद्दल हाडे स्पष्ट बोलतात. ती लेकरांना लागली.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्या आजी-आजोबांना हे वाचून काय वाटेल? खडी फोडायच्या कामावर गेलेल्या आया आणि पाळण्यात ठेवलेली पोरे त्यांनी पाहिली आहेत. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते तर सगळ्यांनाच आठवते. घरात धान्य कमी पडले की मोठा माणूस सांगतो, "मी खाल्लंय, तुम्ही जेवा." पण पोटातल्या बाळाला आणि अंगावर पिणाऱ्याला तेही सांगता येत नाही. दुधाच्या दातांची घडण आईच्या पोटातच सुरू होते. म्हणून घरातल्या गरोदर सुनेच्या आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या ताटात आधी वाढा. डाळ, दूध, पालेभाजी, अंडे चालत असेल तर अंडे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या मुलांनी हा धडा आपल्यासाठी ठेवला आहे.

इनामगावच्या टेकाडावर आज गेलात तर पाहण्यासारखे फारसे दिसणार नाही. खोदकाम संपले की चर पुन्हा बुजवतात. तिथल्या वस्तू पाहायच्या तर पुण्याला येरवड्याकडच्या डेक्कन कॉलेजमध्ये संग्रहालय आहे. कामासाठी पुण्याला गेलात तर मुलांना घेऊन जा. सुटीचा दिवस आधी विचारून घ्या. तिथली जाड खापरे पाहून म्हातारी माणसेही म्हणतील, "अशी तर आपल्या गढीवर निघतात."

हीच तर गोष्ट आहे. ती आपल्याकडेही निघतात. पण पूर्वी बैलगाडीने वर्षाला दोन खेपा माती जायची, आता जेसीबी आणि ट्रॅक्टर आले. शेकडो वर्षांत साचलेले टेकाड आठवड्यात सपाट होते. कोकणातल्या आम्ल मातीत हाडे लवकर विरून जातात, आपल्या पांढरीत चुना आणि राख असल्याने ती टिकतात. जपायला निसर्गाने मदत केली आहे. उडवतो ते आपण.

तेव्हा पुढच्या वेळी विहीर, शेततळे किंवा पाया खणताना हाड दिसले तर एवढे करा. काम तेवढ्या जागी थांबवा. हाड उपसून काढू नका, कारण ते कोणत्या थरात, कोणत्या दिशेला डोके करून, कोणत्या मडक्याशेजारी होते, यातच निम्मी माहिती असते. उपटलेले हाड म्हणजे पुस्तकातून फाडलेले पान. वर गोणपाट टाकून झाका. पोलीस पाटलाला सांगा, कारण हाडे जुनी की अलीकडची, हे आधी त्यांनी पाहणे कायद्याने बरे. तलाठी-तहसीलदारांमार्फत पुरातत्त्व खात्याला कळवा. सोन्यानाण्याचा ठेवा निघाला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, तेही लक्षात असू द्या.

"कळवले की जमीन जाते," ही भीती गावोगावी आहे आणि त्यापायी पुष्कळ काही गुपचूप बुजवले जाते. एखादे मडके किंवा सापळा निघाला एवढ्याने जमीन जात नाही. जागा संरक्षित करायची तर सरकारला रीतसर नोटीस काढावी लागते आणि तुमच्या हरकती ऐकाव्या लागतात. जागा खरोखर संरक्षित झाली तर तिच्याजवळ बांधकामावर बंधने येतात, हेही खरे. तेव्हा कळवताना ग्रामपंचायतीला बरोबर घ्या, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि घरात मुले असतील तर त्यांना एका संध्याकाळी गावच्या टेकाडावर न्या. काही उचलू नका, नुसते दाखवा. सांगा, आपल्यासारखीच पेरणी करणारी, पावसाची वाट पाहणारी माणसे इथे राहत होती. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. जे आहे ते एवढेच आहे, आणि ते आपल्या राखणीत आहे.